सोळाव्या लुईचं पलायन शाळेच्या गॅदरिंगला कसं बसवायचं

आठवी-नववीच्या पोट्ट्यांना फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की बास्तिलचा तुरुंग फोडला आणि राजाचं मुंडकं उडवलं एवढंच माहीत असतं, मधे काय झालं ते कोणी सांगतच नाही, आणि खरं नाटक तर त्या मधल्यातच आहे. २० जून १७९१ च्या रात्री सोळावा लुई बायको-लेकरं घेऊन पॅरिसमधून पळाला आणि दुसऱ्या रात्री व्हारेन नावाच्या छोट्या गावात लोकांनी त्याला अडवलं. आपल्या झाडीपट्टीतले लोक दिवाळीनंतर रातभर नाटक बघतात, त्यांच्यासमोर हे बसवायचं तर नीट बसवा, तासाभरात मस्त होते.

सगळ्यात आधी अंतर समजावून सांगा. पॅरिस ते व्हारेन अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि जिथं पोचायचं होतं तो सीमेजवळचा मोंमेदीचा किल्ला तिथून पुढं पन्नासेक किलोमीटर. म्हणजे नागपूरहून निघालेला माणूस अकोल्यात पकडला गेला आणि त्याला खामगावला जायचं होतं. हे एकदा सांगितलं की किती थोडक्यात हुकलं ते पोरांना आपोआप कळते.

मग पळाला का ते सांगा, पण लांबवू नका, निवेदकाची चार वाक्यं बस झाली. ऑक्टोबर १७८९ मध्ये जमावानं राजाला व्हर्सायहून पॅरिसला आणलं, तेव्हापासून तो तुइलरीच्या राजवाड्यात पहाऱ्यातच होता. एप्रिल १७९१ मध्ये ईस्टरसाठी पॅरिसजवळच्या सेंट क्लूच्या राजवाड्याला निघाला तर लोकांनी गाडीच हलू दिली नाही. तेव्हा मोंमेदीला राजाच्या बाजूच्या जनरल बुयेच्या फौजेत जाऊन बसायचं आणि तिथून आपलं म्हणणं मांडायचं असं ठरलं. जाताना त्यानं क्रांतीविरुद्ध स्वतःच्या हातानं लिहिलेलं निवेदन मागं ठेवलं, हा कागद स्टेजवर दिसलाच पाहिजे, कारण नंतर असेंब्लीनं, म्हणजे क्रांतीनंतर कारभार बघणाऱ्या राष्ट्रीय सभेनं, "राजाला पळवून नेलं" असं म्हणून सांभाळून घ्यायला पाहिलं तेव्हा हाच कागद आडवा आला.

आता गाडी. ती बर्लिन नावाची मोठी जड बग्गी होती, सहा घोड्यांची. आपल्याकडे बंडीवर बांबूच्या कमानी बांधून ताडपत्री टाकली की झालं, बैल जुंपू नका, लाइट आणि माईकच्या आवाजानं बिथरतात, पोरांनीच ओढावी. आत सहा जण दाटीवाटीनं बसवा, ती दाटी दिसू द्या, कारण सगळे एकाच गाडीत पाहिजेत हा राजा-राणीचा हट्ट होता. त्याच रात्री राजाचा भाऊ हलक्या गाडीनं वेगळ्या रस्त्यानं निघाला आणि सुखरूप सीमेपार गेला, हे निवेदकाकडून एका ओळीत यायलाच पाहिजे.

सोंगं नीट वाटा. लेकरांना सांभाळणारी मादाम द तूर्झेल ही रशियन सरदारीण बॅरोनेस कोर्फ झाली होती, पासपोर्ट त्याच नावाचा. राणी मारी आंत्वानेत तिच्या लेकरांची शिक्षिका, राजा तिचा नोकर, राजाची बहीणही नोकरमाणूस, आणि सहा वर्षांच्या राजपुत्राला पोरीचा फ्रॉक घातलेला. त्याची बारा वर्षांची बहीण सोबत. पॅरिसबाहेर गाडी हाकत नेली ती स्वीडनच्या फेर्सननं, तो पॅरिसजवळच्या बोंदी गावापर्यंतच होता, तिथून राजानं त्याला परत पाठवलं. फेर्सन आणि राणीचं काय होतं त्यावर सीन घालायचा मोह होईल, घालू नका, अख्खं नाटक तिकडंच वाहून जाते.

उशीर कसा होत गेला हे दाखवायला मोठं पुठ्ठ्याचं घड्याळ करा आणि एका पोराला नुसतं काटा सरकवायला उभं करा. राजवाड्यातूनच निघायला उशीर, राणी अंधारात रस्ता चुकली तो उशीर, मग वाटेत घोडे पडले, सामान तुटलं, ते दुरुस्त करेपर्यंत आणखी उशीर. बुयेनं राजाच्या सोबतीला वाटेत ठिकठिकाणी घोडेस्वारांच्या तुकड्या ठेवल्या होत्या, आणि इकडं पों-द-सोम-व्हेल या ठिकाणी तरणा ड्यूक श्वाझल त्यातली पहिली तुकडी घेऊन वाट बघतोय. हा सीन आपल्या गावात लागणारच, कारण तिथल्या शेतकऱ्यांना वाटलं हे शिपाई थकलेल्या खंडाच्या वसुलीला आले, आणि ते जमा व्हायला लागले! सहा-सात पोरं हातात काठ्या, विळे घेऊन नुसती येऊन उभी राहू द्या, डायलॉग कमी. श्वाझल घाबरला, गाडी काही येत नाही असं धरून निघून गेला, आणि राणीच्या केशभूषाकाराच्या हाती पुढच्या तुकड्यांना निरोप धाडला की आज काही येणार नाहीत. गाडी थोड्याच वेळानं आली.

पुढं सेंत मनू गावी द्रुए येतो, डाकचौकीचा प्रमुख, प्रवाशांच्या गाड्यांना ताजे घोडे देणारा. नोटेवरचं चित्र बघून त्यानं राजाला ओळखलं असं सांगतात. त्याला हिरो करायचा तर करा, पण माझं स्पष्ट मत आहे की एकट्या द्रुएनं हे झालं नसतं. तो घोड्यावर जंगलातल्या आडवाटेनं गाडीच्या पुढं पोचला हे खरं, पण व्हारेनला झोपलेली माणसं उठलीच नसती तर त्यानं काय केलं असतं? म्हणून नाटकाचा निम्मा वेळ व्हारेनला द्या.

इथं सगळे लाइट बंद. रात्रीचे अकरा वाजलेले, बदलीचे घोडे नदीच्या पलीकडं ठेवलेले आणि गाडीवाले अलीकडं घोडे शोधत दारं ठोठावतात. दोन बाक जोडले की पूल झाला. द्रुए आणि त्याचे सोबती सामानानं भरलेली एक गाडी पुलावर आडवी लावतात, आपण खाटा, टेबल, ड्रम काय मिळेल ते रचा. मग शाळेची घंटा धडाधड वाजवा, कारण तिथं चर्चची घंटा वाजली होती, आणि प्रेक्षकांत बसवलेली पोरं टॉर्च, कंदील घेऊन एकेक करून उठू द्या. गाववाल्यांना आपल्याच बोलीत बोलू द्या, "कोन व्हय? येवढ्या रातीचे कुटं चालले? कागद दाखवा," आणि गाडीतल्यांना पुस्तकी मराठी द्या.

सोस हा गावचा कारभारी, धंद्यानं किराणावाला, मेणबत्त्याही बनवायचा. पासपोर्ट त्याला ठीकच वाटला होता, सोडूनच देत होता, द्रुए अडून बसला म्हणून सगळ्यांना त्याच्या घरी वरच्या खोलीत नेलं. लेकरं पलंगावर झोपी जातात. पूर्वी व्हर्सायला राहिलेल्या गावच्या न्यायाधीशाला बोलावतात, तो बघताक्षणी गुडघ्यावर बसतो आणि सोंग संपते. राणी सोसच्या बायकोला विनवते, ती म्हणते मला माझ्या नवऱ्याचं बघावं लागेल. हे काम वर्गातल्या सगळ्यात चांगल्या पोरीला द्या, राणीचं नाही. बाहेर घोडेस्वार येतात खरे, पण तेही लोकांत मिसळून जातात, आणि सकाळी पॅरिसहून असेंब्लीचा हुकूम पोचतो. बुये फौज घेऊन आला तोवर गाडी परत फिरली होती.

२५ जूनला राजा पॅरिसमध्ये परत आला तेव्हा लोकांच्या डोक्यावरच्या टोप्या उतरल्या नाहीत. जो टाळ्या वाजवील त्याला फटके, जो शिवी देईल त्याला फाशी, अशी पाटी लागलेली होती, ती मोठ्या अक्षरांत लिहून टांगा. पुढचं निवेदकानं सांगावं: २१ सप्टेंबर १७९२ ला राजेशाही रद्द, २१ जानेवारी १७९३ ला लुईला गिलोटिन. मुंडकं उडवायचा सीन मात्र करू नका.

तालमी पुलापासून सुरू करा, पहिल्या सीनपासून नाही. घंटा, कंदील, खाटा आणि पन्नास पोरं एकाच वेळी सांभाळणं हेच अवघड आहे, बाकीचे सीन शेवटच्या आठवड्यातही बसतात.