उन्हात कांदा काढताना वेळ बदला, हजेरी नाही

येवल्याकडे आमची 11 बायांची टोळी एप्रिलात कांदा काढते. पूर्वी 9 ते 5 काम. आता सकाळी 6 ते 11, मग 4 ते साडेसहा. तास जवळपास तेवढेच, म्हणून हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरीही पूर्ण.

वेळ बदलायचं हे बोलणं वाफ्यात उतरण्याआधी करा, शेतकऱ्याच्या ओट्यावर. एकटीनं जाऊ नका, तिघी-चौघी जा. पहाटेच्या जीपचं भाडं कोण देणार तेही तेव्हाच ठरवा. पहिल्या वर्षी आम्ही ते विसरलो आणि भाडं आमच्याच पदरातून गेलं. दुपारी बसायला झाडाची किंवा कांदाचाळीची सावली मागून घ्या.

उक्तं काम असेल तर जास्त जपा. एकराचे पैसे ठरले की कुणी सावलीला बसत नाही, तहान दाबून विळा चालवते. आम्ही दर तासाला पाणी प्यायला सगळ्या एकदमच उठतो, म्हणजे कुणी मागं पडत नाही.

प्यायच्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ घाला. ऊन लागून कुणी असंबद्ध बोलू लागली तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला, लगेच 108 लावा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका.