जुन्या मियाटाला टर्बो लावताय? बजेटच्या या चुका टाळा

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांपैकी कुणीतरी दर हिवाळ्यात जुनी मियाटा, म्हणजे माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेतं. डिसेंबरात टर्बोची ऑर्डर जाते, मार्चमध्ये गाडी खोललेल्या अवस्थेत गॅरेजमध्ये आणि पैसे संपलेले. मग सल्ला मागायला फोन येतो. तोपर्यंत सल्ल्याची वेळ गेलेली असते, म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय.

सगळं लिखाण पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 (मियाटाचंच दुसरं नाव) बद्दल आहे, म्हणजे 1989 ते 1997 मधली, पुढचे दिवे बॉनेटमधून वर येणारी गाडी. अमेरिकेत 1990 ते 1993 च्या गाड्यांत 1.6 लिटरचं 116 हॉर्सपॉवरचं इंजिन येई, 1994 पासून 1.8 लिटरचं 128 हॉर्सपॉवरचं. वजन टनाच्या आतबाहेर. एवढ्या हलक्या गाडीत चाकावर 180 हॉर्सपॉवर आले तरी भल्याभल्यांचे हात घट्ट होतात.

आकडा न ठरवता खर्चाला लागणं

"किती पॉवर हवी?" असं विचारलं की उत्तर येतं, "जेवढी मिळेल तेवढी." या उत्तरावर बजेट होत नाही. 1.6 ला साधारण 8 पीएसआय बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जास्तीचा दाब) दिला आणि ट्यूनिंग नीट झालं, तर चाकावर 170-180 मिळतात. त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही, फक्त त्याचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं हवं. 220-230 च्या पुढे मात्र जाणकार मूळ कनेक्टिंग रॉडवर भरवसा ठेवत नाहीत. रॉड वाकतो तो कमी आरपीएमला अचानक आलेल्या टॉर्कने. म्हणजे त्यापुढच्या पन्नासेक हॉर्सपॉवरसाठी फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) रॉड, पिस्टन, बेअरिंग, हेड स्टड, ऑइल पंप आणि मशीन शॉपचं बिल, आणि त्यापाठोपाठ गिअरबॉक्स आणि क्लचही आले. खर्च दुपटीने वाढतो, कधी तिपटीने. दहापैकी आठ जणांना 180 पुरतात असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्राइव्हट्रेनपुढे "नंतर" लिहिणं

ड्राइव्हट्रेन म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारे सगळे भाग. ही चूक बघून मी सगळ्यात जास्त वैतागतो.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये राहणारा पुण्याचा एक मुलगा मला त्याची एक्सेल शीट दाखवायला आला होता. गाडी 1990 ची, 1.6. इंजिनाच्या बाजूला एकूण एक गोष्ट लिहिलेली: टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, रॉड, पिस्टन, अगदी व्हॉल्व्ह कव्हरचं पावडर कोटिंगसुद्धा. डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) ओळीत किमतीच्या जागी "नंतर". क्लचच्या ओळीत "आहे तोच". मी म्हटलं, पावडर कोटिंग काढ आणि तिथे 1.8 चं डिफरन्शियल लिही. 1.6 च्या गाड्यांत क्राउन व्हील सहा इंची आहे, ते टर्बोच्या टॉर्कला टिकत नाही. 1994 पासून माझदाने सात इंची दिलं. तो म्हणाला, "दादा, आधी गाडी चालू तर होऊ दे. डिफ तुटेल तेव्हा बघू."

गाडी मे महिन्यात चालू झाली आणि जूनमध्ये डिफरन्शियल गेलं. आम्ही ड्रेन प्लग काढला तेव्हा तेल राखाडी झालेलं, त्यात चकचकीत चुरा, आणि केसिंगच्या तळाशी पिनियनच्या दाताचा एक अख्खा तुकडा. सात इंची डिफ बसवायचं तर नुसतं डिफ घेऊन भागत नाही, दोन्ही अ‍ॅक्सल आणि प्रोपेलर शाफ्टही 1.8 चे लागतात. पैसे संपत आले होते, म्हणून त्याने टॉर्सन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफ) सोडून साधं ओपन डिफ घेतलं. आता बूस्ट आला की एकच मागचं चाक जागेवर फिरायचं. ऑगस्टमध्ये तिसरा गिअर गेला. मूळ पाच-स्पीड गिअरबॉक्सचा हा ठरलेला कमकुवत गिअर आहे. जंकयार्डमधून तसाच दुसरा पाच-स्पीड आणला, क्लच मात्र जुनाच चढवला. बूस्ट येताच क्लच घसरायला लागला आणि गिअरबॉक्स परत खाली.

मियाटाचा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे काय, ते ज्याने गाडीखाली पाठीवर झोपून केलंय त्यालाच कळतं. एक्झॉस्ट सोडायचा, प्रोपेलर शाफ्ट काढायचा, मग गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम, जिला सगळे पीपीएफ म्हणतात, तिचे बोल्ट सोडवायचे. मिशिगनच्या मिठाने ते बोल्ट गच्च धरलेले असतात. वर गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे दोन बोल्ट हाताला दिसत नाहीत, लांब एक्स्टेन्शन लावून चाचपडत काढावे लागतात. हे सगळं त्या मुलाने एकाच मोसमात पुन्हा पुन्हा केलं. शेवटी सहा-स्पीड, टॉर्सन आणि नवा क्लच घेतलाच. वाया गेलेल्या सुट्या भागांची बेरीज केली तेव्हा हे तिन्ही सुरुवातीलाच आले असते.

माझी सवय अशी: बजेट मागच्या टायरपासून लिहायला सुरुवात करतो. टायर, अ‍ॅक्सल, डिफ, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, आणि मग इंजिन. याचा फायदा कागदापुरता नाही. टॉर्सन आणि नवा क्लच मूळ इंजिनाबरोबर उत्तम चालतात, त्यामुळे पैसे येतील तसे एकेक काम करत गाडी चालवता येते. फोर्ज्ड पिस्टन अर्धे बसवून गाडी चालवता येत नाही. गिअरबॉक्स उतरेल त्याच दिवशी क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग बदलून घ्या. मी या तिन्हींची किंमत क्लचच्याच ओळीत धरतो. आणि सहा-स्पीड घेणार असाल तर डिफच्या रेशोचा विचार त्याच वेळी करा. पाच-स्पीडचा पहिला गिअर 3.14 आहे, सहा-स्पीडचा 3.76. जुन्या डिफवर तो इतका आखूड पडतो की गाडी हलते न हलते तोच दुसरा टाकावा लागतो.

सेल लागला म्हणून पिस्टन घेणं

1.8 च्या ब्लॉकचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मुळात 83 मिलिमीटरचा. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये 83.5 चे फोर्ज्ड पिस्टन स्वस्त दिसतात आणि ब्लॉक अजून गाडीत असतानाच लोक ते मागवून मोकळे होतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय म्हणायचं.

अशाच एका ओळखीच्याबरोबर मी मशीन शॉपमध्ये गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने बोअर गेज पहिल्या सिलिंडरमध्ये खालपासून वरपर्यंत फिरवलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या. काटा जवळपास स्थिर. चौथ्यात गेज वरच्या कडेला आलं आणि काटा सरळ सरकला. शिवाय भिंतीवर नखाला लागेल असा उभा ओरखडा. 83.5 ला तो निघणार नव्हता, 84 च करावा लागणार होता. पिस्टनची खोकी उघडलेली, परत घ्यायला कुणी तयार नाही. मग या गृहस्थांनी पिस्टन वाचवायला दुसरा जुना ब्लॉक विकत घेतला. तोही धुवायचा, तडे तपासायचे, मापं घ्यायची, म्हणजे पुन्हा बिल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हे.

क्रम साधा आहे. ब्लॉक खोलून, धुऊन मशीन शॉपला द्या. मापं घेऊन कारागीर ओव्हरसाइझ, म्हणजे बोअर किती मोठा करायचा ते, सांगेल, मग पिस्टन मागवा. आलेले पिस्टन त्याच्या हातात द्या, कारण फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेली मोकळीक ठेवूनच बोअर कापावा लागतो. यात काही आठवडे जातात. जाऊ द्या. घरी ड्रिलला होन (सिलिंडर आतून घासायचं हत्यार) लावून "चालतंय की" म्हणत फोर्ज्ड पिस्टन बसवणाऱ्यांना मी मदत करायचं थांबवलंय.

ट्यूनिंगसाठी पैसे न उरणं

डायनो (चाकावरची पॉवर मोजायचं यंत्र) आणि ट्यूनिंगचे पैसे मी सगळ्यात आधी वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्यांना हात लावत नाही. 1990 ते 1993 च्या गाड्यांत हवा मोजायला झडपेचा मीटर आहे, तो आणि मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बूस्टसाठी बनलेले नाहीत. नवा ईसीयू आला की त्याचं ट्यूनिंगही आलंच. "थोडे दिवस बेस मॅपवर (ईसीयूबरोबर आलेल्या कच्च्या सेटिंगवर) चालवतो" म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं, बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनची कड वितळायला काही सेकंद पुरतात. दुसऱ्याचा मॅपही उचलू नका. आमच्याकडे प्रीमियम पेट्रोल 93 ऑक्टेनचं मिळतं, कॅलिफोर्नियात 91 चं. इथला इग्निशन टायमिंग तिथे इंजिन खाईल.

आणखी काही, थोडक्यात

गंज. गाडी घेण्याआधी मागच्या चाकापुढचे रॉकर पॅनल (दाराखालचा पत्रा) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. छपराच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथे साठतं आणि पत्रा आतून सडतो. वेल्डिंगचा खर्च टर्बोच्या आधी लिहा, किंवा दक्षिणेकडची गाडी आणा.

क्रँक पुली. चार खाचा दिसल्या तर तो 1990-91 चा आखूड नाकाचा क्रँक आहे. पुलीचा बोल्ट कधी सैल बसवला गेला असेल तर पुलीला जागेवर धरणारी चावी (छोटा पोलादी तुकडा) आणि क्रँकचं नाक झिजलेलं असतं. अशा इंजिनावर मी पैसे घालत नाही, 1.8 शोधतो.

हलकी पुली. मूळ पुलीतलं रबर क्रँकची पिळाची थरथर शोषतं. ती काढून नुसती अ‍ॅल्युमिनियमची लावली की ती थरथर थेट ऑइल पंपाच्या गिअरवर जाते, आणि तो गिअर तडकला की इंजिनच गेलं. इंजिन उघडलंच असेल तर बिलेट (अख्ख्या पोलादातून कापलेल्या) गिअरचा ऑइल पंप घ्या, पुली मूळचीच राहू द्या.

कूलंट. हे इंजिन मुळात माझदा 323 मध्ये आडवं बसायचं आणि पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर जायचं. मियाटात पाण्याची वाट पुढेच आणली, त्यामुळे मागचं चौथं सिलिंडर जास्त तापतं. कूलंट रीरूट (पाणी मागून बाहेर काढणारी वाट) आणि चांगला रेडिएटर टर्बोच्याच यादीत धरा.

ब्रेक. 1.6 च्या पुढच्या डिस्क 235 मिलिमीटरच्या, 1.8 च्या 255 च्या. जुन्या 1.8 चे ब्रेक स्वस्तात मिळतात, बसवून टाका.

किरकोळ. होज, क्लॅम्प, गॅस्केट, सेन्सर, तुटलेले स्टड, तीन प्रकारचं तेल, पहिल्या काही तासांनंतर फेकायचं इंजिन ऑइल. यासाठी मी एकूण रकमेचा चौथा भाग बाजूला ठेवतो, आणि तो उरल्याचं आठवत नाही.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी आणखी एक ओळ वाढवावी. आमच्या मिशिगनमध्ये गाडीची सरकारी तपासणी नाही. तुमच्याकडे 1976 पासूनच्या पेट्रोल गाड्यांची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते आणि तपासणारा बॉनेट उघडून बघतो. टर्बो किटला तुमच्या वर्षाच्या गाडीसाठी कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे परवानगीचा क्रमांक, आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नसेल तर ते किट कितीही स्वस्त पडलं तरी तपासणीच्या वेळी सगळं उतरवून मूळ इंटेक आणि एक्झॉस्ट परत चढवावं लागेल. म्हणून कुठलाही मूळ भाग विकू नका.