जैसलमेरची सहल ठरवताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी किंवा नाताळ जवळ आला की महाराष्ट्रातून राजस्थानकडे निघणाऱ्यांची रीघ लागते. जयपूर, उदयपूर, जोधपूर करत करत शेवटी एक रात्र जैसलमेरच्या वाट्याला येते. दुपारी पोहोचायचं, किल्ला उरकायचा, चारला जीपमध्ये बसायचं, सम गावाजवळच्या वाळूत सूर्यास्त, रात्री कॅम्पवर नाचगाणं आणि जेवण, सकाळी नाश्ता करून परतीचा रस्ता. अशा लोकांना नंतर विचारलं तर ‘छान आहे, पण एकदा बघितलं की झालं’ असं उत्तर येतं. हे उत्तर ऐकून मला खरंच वाईट वाटतं. जैसलमेर ज्या वेळांना सगळ्यात देखणं असतं, त्या वेळी ही मंडळी एकतर गाडीत असतात नाहीतर अंथरुणात.

वाळवंटातली सहल उन्हाच्या तासांवर बेतावी लागते. पॉइंटची यादी त्यानंतर. बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

एका रात्रीत जैसलमेर ‘कव्हर’ करणं

जोधपूर ते जैसलमेर हे अंतर साधारण २८० किलोमीटर आहे. रस्ता चांगला असला तरी जेवणाचा थांबा धरून पाच-सहा तास जातात. म्हणजे सकाळी आठला निघालात तरी पोहोचेपर्यंत दुपार, आणि दुपार ही किल्ला बघण्याची सगळ्यात वाईट वेळ. डोक्यावर ऊन असताना पिवळा दगड फिकट, सपाट दिसतो. त्यावरचं कोरीवकाम उठून दिसायला तिरपा प्रकाश लागतो. शिवाय किल्ल्यातली जैन मंदिरं पर्यटकांना सकाळच्या वेळीच, साधारण बारापर्यंत बघता येतात. दुपारी गेलेला माणूस बंद दारावरून परततो आणि त्याला कळतही नाही की बाराव्या ते सोळाव्या शतकातलं किती बारीक काम आपण सोडून आलो.

किमान दोन रात्री शहरात आणि एक वाळूत, असा हिशेब धरा. तेवढे दिवस नसतील तर उदयपूर पुढच्या वेळेसाठी ठेवा. मुंबईहून जाणाऱ्यांसाठी वांद्रे टर्मिनसहून दुपारी सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला सोडते. तिथून पुढे रस्त्याने किंवा रेल्वेने जा. जैसलमेरची विमानसेवा मुख्यतः हिवाळ्यात चालते आणि वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून परतीचं तिकीट आणि दुसऱ्या दिवशीचं ऑफिस यांच्यामध्ये थोडी जागा ठेवा.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य उगवतो साडेसातच्या सुमारास आणि मावळतो सहाच्या जरा आधी. कॅम्पवाला ‘चारपर्यंत या’ म्हणतो त्यामागे हे गणित असतं. समची वाळू शहरापासून सुमारे ४० किलोमीटर आहे. साडेचारला शहरातून निघणाऱ्यांना उंट मिळेपर्यंत सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो. उलट सकाळी फायदा तुमचा आहे. साडेसहाला उठलात तरी उजाडण्याआधी वाळूवर पोहोचता, आणि त्या वेळी तिथे आदल्या संध्याकाळच्या गर्दीतलं कोणीही नसतं. रात्रीच्या वाऱ्याने पावलांचे ठसे बरेचसे पुसून टाकलेले असतात, लाटांसारख्या रेघा पुन्हा उमटलेल्या असतात आणि त्यांच्यावर शेणकिड्यांच्या पावलांच्या बारीक माळा दिसतात. कॅम्पमधली रात्र घेतली असेल तर नाश्त्यासाठी थांबू नका, आधी वाळूवर जा.

किल्ल्याच्या आत राहायचं का?

रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत काही हजार लोक राहतात, दुकानं आहेत, शाळकरी मुलं आहेत, गायी आहेत. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हवेलीतल्या झरोक्याच्या खोलीत राहण्याचा मोह कुणालाही होईल.

पण त्या वाळवंटी किल्ल्याची बांधणी घागरीने पाणी आणणाऱ्या माणसांसाठी झाली होती. पाऊसच वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्नच नव्हता. नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला शॉवर आणि फ्लश आला, आणि ते सगळं पाणी टेकडीच्या पोटात मुरायला लागलं. खालचा थर ठिसूळ असल्याने बुरूज आणि भिंती खचल्या, काही ढासळल्या. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव पूर्वीच लागलं आहे. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: राहा किल्ल्याखाली, गच्चीवरून किल्ला दिसेल अशा ठिकाणी, आणि आत दिवसातून दोनदा जा. पहाटे एकदा, जेव्हा अखे पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल अशा चार दरवाजांतून चढताना फक्त दूधवाले भेटतात, आणि एकदा संध्याकाळी. आत चहा प्या, जेवा, खरेदी करा, म्हणजे तिथल्या लोकांचं उत्पन्न बुडत नाही. आंघोळ मात्र खाली करा.

घरात वयस्कर माणसं असतील तर हेच जास्त सोयीचंही पडतं. वरची चढण फरसबंदीची आहे आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झालेत. सामान घेऊन ती चढण गुडघ्यांना भारी जाते.

स्वस्त खोलीच्या जाहिरातींपासूनही सावध राहा. हंगामात कुणी अगदी मातीमोल भावात खोली देत असेल तर त्याचा धंदा खोलीवर नसून सफारीवर असतो. पोहोचल्या पोहोचल्या ‘सफारी आमच्याकडूनच घ्या’ असा तगादा सुरू होतो आणि नकार दिला की वागणूक बदलते. बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा, ‘सफारी बाहेरून घेतली तर चालेल ना?’ उत्तर टाळलं तर दुसरीकडे बघा.

फोटो बघून कॅम्प बुक करणं

सगळ्या कॅम्पचे फोटो सारखेच असतात: पांढरे तंबू, मधोमध शेकोटी, मागे वाळूचे डोंगर. प्रत्यक्षात समचे बरेचसे कॅम्प रस्त्यालगत सपाट माळावर आहेत आणि वाळू वेगळीकडे. त्यामुळे फोन करून नेमके प्रश्न विचारा. तंबूपासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं? उंटाची फेरी किती वेळ, आणि पॅकेजमध्ये आहे की वेगळी? (पॅकेजमधली फेरी बहुतेकदा पंधरा मिनिटांत संपते.) जीप आपल्यापुरती की इतरांबरोबर? गरम पाणी किती वाजता? रजया किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री डीजे किती वाजेपर्यंत?

हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथेच रात्र वाया जाते. मांगणियार आणि लंगा कलाकारांचं गाणं, कमायचा, खडताल ही वाद्यं, कालबेलिया नाच हे सगळं ऐकण्या-बघण्यासाठी माणूस जीव टाकून जावा असं आहे. कालबेलिया तर २०१० पासून युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आहे. पण अनेक ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात त्यांना बाजूला बसवून फिल्मी गाणी लावली जातात, शेजारच्या कॅम्पचा आवाज त्यात मिसळतो. शांतता हवी असेल तर समऐवजी खुहडीकडे जा. शहराच्या नैऋत्येला पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव आहे. वाळू थोडी कमी भव्य, पण रात्र रात्रीसारखी असते. तिथे गावातल्या घरी राहिलात तर बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी ताटात येते, बुफेतलं पनीर येत नाही.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. आकाशगंगा बघायची असेल तर अमावस्येच्या आसपास जा, चांदण्यात वाळू बघायची असेल तर पौर्णिमेला. दोन्ही अनुभव इतके वेगळे आहेत की हा विचार न करता तारीख काढणं म्हणजे अर्धी मजा सोडणं. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरू (वाळवंट) महोत्सव असतो. तेव्हा रंगत असते आणि दरही चढलेले असतात. २५ ते ३१ डिसेंबर मात्र शक्य असेल तर टाळाच.

उंटावर आणि जीपमध्ये

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. त्या क्षणी स्वार पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे झटका पुन्हा पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं, खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरायची आणि मोबाइल खिशात ठेवायचा. उंटवाला ‘पीछे, पीछे’ ओरडतो ते यासाठीच, आणि नेमकं तेव्हाच लोक सेल्फी काढत असतात. उंटाच्या नाकाशी किंवा खोगिराखाली जखम दिसली तर दुसरा उंट मागा. बक्षिशी द्यायची असेल तर उंटवाल्याच्या हातात द्या.

जीपचा विषय गंभीर आहे. उघड्या जीपमध्ये मागे उभं राहून वाळूच्या कड्यावरून खाली झेपावण्यात मणक्याला आणि मानेला दुखापत होऊ शकते. गरोदर बाई, पाठीचा त्रास असलेली माणसं आणि लहान मुलं यांना त्यात बसवू नका. बाकीच्यांनीही बसूनच राहायचं आणि चालकाला निघण्याआधीच ‘हळू’ सांगायचं.

थंडी आणि कोरडी हवा

‘वाळवंट म्हणजे गरम’ या समजुतीने सुती कपड्यांची बॅग भरली जाते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी टी-शर्टवर फिरता येतं, पण रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत येतो, लाट आली तर त्याहूनही खाली. वाळू उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून सूर्य गेल्यावर तासाभरात फरक जाणवतो. कानटोपी, मोजे, जाड जॅकेट हवंच. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, मुलांच्या नाकातून रक्तही येतं. तासातासाला पाणी प्या, ओठांना आणि नाकपुड्यांना आतून व्हॅसलिन लावा. एप्रिल ते जूनमध्ये ४५ अंशांवर जाणाऱ्या उन्हात ‘ऑफ सीझनला स्वस्त पडतं’ म्हणून मुलांना नेऊ नका.

तनोट, लोंगेवाला आणि कुलधरा

तनोट मातेचं मंदिर शहरापासून सुमारे १२० किलोमीटर आहे. रामगड, तनोट, लोंगेवाला आणि परत, हा पूर्ण दिवसाचा फेरा आहे. तो आणि समचा सूर्यास्त एकाच दिवशी बसवायला गेलात की दोन्ही धावपळीत जातात. रामगडला टाकी भरा, पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायला आधी परवानगी काढावी लागते. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना बरोबर नेणार असाल तर सीमाभागासाठी त्यांची परवानगी लागते का, हे जैसलमेरला पोहोचताच प्रशासनाकडे विचारून घ्या.

लोंगेवाल्याला जाण्याआधी तिथल्या भारत-पाक लढाईची माहिती वाचून जा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीला पहाटेपर्यंत तळ टिकवायचा होता, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करता येत नव्हता. उजाडलं आणि विमानं आली. हे माहीत असलं की त्या उघड्या माळावरचे रणगाडे बघताना पोटात कालवतं.

कुलधरा या ओसाड गावी लोक भुतांसाठी जातात. दिवाण सालिम सिंगच्या जाचामुळे पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत गाव सोडून गेले, ही आख्यायिका गाइड सांगतो. पाणी आटणं, कर, भूकंप अशी कारणं अभ्यासक मांडतात. पण पालीवालांनी या कोरड्या मुलखात शेती केली कशी, हे विचारा. उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. याला खडीन म्हणतात आणि जैसलमेर परिसरात अजूनही खडिनात पीक घेतात. गाइडला खडीन दाखवायला सांगा.

तिथे गेल्यावर काही बिघडलंच तर

तंबू फोटोतल्यासारखा नसेल तर सामान आत ठेवण्याआधीच बोला. एकदा बॅग उघडली की तुमची बाजू कमजोर होते. बुकिंगचे मेसेज दाखवा, तंबू बदलून मागा, उरलेले पैसे सकाळी द्या.

वादळ आलं, हवा पिवळी झाली तर वाळूवरून लगेच उतरा, तोंडावर ओली ओढणी किंवा रुमाल धरा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा. कॅमेऱ्याची लेन्स वाळूवर बदलू नका. मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेत कण गेले तर पिन जोर लावून खुपसू नका, मऊ ब्रशने झाडा.

किल्ल्याच्या परिसरात परवानाधारक भांगेचं दुकान आहे, लस्सी आणि बिस्किटंही मिळतात. ‘स्पेशल’ शब्द ऐकला की आधी काय घातलंय ते विचारा, मुलांना देण्याआधी तर नक्कीच. चुकून प्यायली गेली आणि भोवळ, धडधड, भीती सुरू झाली तर त्या माणसाला शांत जागी बसवा, एकटं सोडू नका. मूल असेल, किंवा हृदयविकाराचा माणूस असेल, तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.