पाच जूनला झाडं लावू नका, आणि मुलांसोबत काम करताना होणाऱ्या बाकीच्या चुका

मे संपत आला की मला फोन यायला लागतात. नुकतीच कामाला लागलेली पोरं असतात, कुणी कॉलेजातली, कुणी एखाद्या संस्थेत नवीन. "ताई, पाच जूनला पर्यावरण दिनाचं वृक्षारोपण ठेवलंय, शंभर मुलं येणारेत, रोपं कुठं मिळतील?" मी विचारते, खड्डे घेतले का? तर म्हणे, चार तारखेला घेऊ. इथंच माझं डोकं फिरतं. पण पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, म्हणून फोन आपटत नाही.

तारखेवर झाड लावणं

बीड जिल्ह्यातलं एक गाव. शाळेचं मैदान निव्वळ मुरमाचं, पहार मारली की ठिणगी उडायची. आम्ही आदल्या दिवशी कसेबसे वीतभर खोल खड्डे काढले, १२० रोपं आणली आणि पाहुण्यांना नऊची वेळ दिली. पाहुणे उगवले पावणेबाराला. तोवर रोपं टेम्पोत उन्हात, पोरं रांगेत उन्हात. पाहुण्यांनी पहिलं रोप पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं, फोटो झाला, टाळ्या झाल्या. मग पोरांनीही तेच केलं. साहेबांनी पिशवी काढली नाही म्हणजे काढायची नसते, असा साधा हिशेब. आम्हाला पत्ता लागला ऑगस्टमध्ये, वाळलेली रोपं उपटताना. काळ्या पिशव्या जशाच्या तशा, आत मुळ्या गोल फिरून गुंता झालेल्या. त्या वर्षी पहिला धड पाऊस २६ जूनला आला. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला मोजलं तर सात झाडं जिवंत.

पारावर बसलेले एक आजोबा तेव्हा मला म्हणाले होते, "ओ ताई, तारीख बघून पेरतेत व्हय कुठं?"

पाच जून ही तारीख स्टॉकहोमची. १९७२ साली तिथं संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद त्या दिवशी सुरू झाली. तेच १९७२, जेव्हा आपल्याकडं माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घराघरांत मिलोच्या, म्हणजे बाहेरच्या देशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी थापल्या जात होत्या. त्या तारखेचा आपल्या मुरमाशी काय संबंध? कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सोयाबीनला जो नियम, तो कडुलिंबाला का नको?

माझी पद्धत अशी. एप्रिलअखेर ते मेमध्ये दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डे. पहार, टिकाव मोठ्यांच्या हातात, पोरं माती ओढायला, आणि तेही सकाळी आठच्या आत. खड्डे महिनाभर तापू द्यायचे, मग माती, शेणखत आणि मूठभर कडुलिंबाचा पाला. पाच जूनला कार्यक्रम हवाच असेल तर पोरांना खड्डे मोजायला लावा, त्याचाही फोटो निघतो. झाड लागणार दुसऱ्या चांगल्या पावसानंतर, जमीन वीतभर ओली झाल्यावर. रोप वर्षभराचं, कमरेएवढं. पिशवी ब्लेडनं उभी चिरायची आणि ती पिशवी माझ्या हातात आणून द्यायची. जितकी रोपं तितक्या पिशव्या, हिशेब जुळल्याशिवाय पोहे नाहीत. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. लोखंडी जाळी लावून पाहिली, रात्रीत जाते.

पंधरा-वीस झाडंच लावा. शंभर म्हणणारा माणूस पाणी घालायला येत नसतो.

बीजगोळ्यांबद्दलही, म्हणजे चिखलात बी घालून वळलेल्या गोळ्यांबद्दलही, विचारतात. एका दुपारी हजार गोळे, डोंगरावर फेकले, जंगल तयार! उघड्या मुरमावर पडलेलं बी मुंग्या नेतात, त्यातूनही उगवलं तर शेळ्या नेतात. पोरांना चिखलात खेळायला मजा येते, तेवढ्यासाठी करा. त्यात सुबाभळीचं बी मात्र घालू नका, नंतर ती आवरत नाही.

एका मुलाला एक झाड

ही कल्पना कागदावर फार गोड दिसते. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून आम्ही नावाच्या पाट्या रंगवल्या, प्रत्येक झाडाला एक पोर जोडून दिलं. गटात ३२ मुलं होती. दिवाळी झाली आणि गटात उरली १३. बाकीची आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेली. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की टोळ्या निघतात, घरात सांभाळणारं कुणी नसेल तर लेकरंही फडावर जातात. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण प्रत्येक लेकरू तिथं राहतंच असं नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या वार्षिक आराखड्यात मात्र डिसेंबरच्या रकान्यात "निसर्गसहल, ३२ मुले" असं लिहिलेलं होतं.

झाडाला खरी पाण्याची गरज लागते ती दिवाळीनंतरच, आणि पाणी घालणारे हात नेमके तेव्हाच गायब. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. सातवीतली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी झाड बघायला आली. वाळकी काडी आणि शेजारी तिच्या नावाची पाटी. ती काही बोलली नाही. पाटी हलवून हलवून उपटली, माती झटकली आणि म्हणाली, "ही मी नेऊ का? कोंबड्यांच्या खुराड्याला भोक पडलंय."

तेव्हापासून मी एका झाडाला तीन पोरं देते, त्यात एक तरी गावात राहणारं. आधी घरोघर फिरून दिवाळीनंतर कोण जाणार, कोण राहणार हे विचारून घेते. पाटी बंद. झाडं मोजायची तीनदा: १७ सप्टेंबर, २६ जानेवारी आणि १ मे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन. झेंड्याला सगळे येतातच, वेगळं बोलवावं लागत नाही, आणि एक मेपर्यंत टोळ्याही परत आलेल्या असतात.

गेलेली पोरं काही कमी शिकून येत नाहीत. एक जण कोल्हापूरकडून आला आणि सांगायला लागला, तिकडं शिमग्यालासुद्धा नदीला पाणी असतं, म्हशी डुंबतेत. इथल्या पोरांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग तास-दोन तास नुसते प्रश्न: तिकडं का, इकडं का नाही, धरण कुणाचं, ऊस कुणाचा. एवढा चांगला वर्ग मला कुठल्याही पुस्तिकेवरून घेता आलेला नाही.

नळ बंद करा, असं सांगणं

शहरातून आलेल्या एका प्रशिक्षकानं टँकरच्या गावात, दात घासताना नळ बंद ठेवा, असं सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. नळ कुठंय? ज्या घरात भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी दारच्या शेवग्याला जातं, तिथं काटकसर तुम्ही शिकवणार? त्यापेक्षा गणित द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छत शंभर चौरस मीटर धरा, पाऊस सहाशे मिलिमीटर, म्हणजे ६० हजार लिटर. थोडं वाया गेलं तरी बारा हजारांचे चार टँकर कुठंच गेले नाहीत. हे ऐकून पोरं लगेच वर छताकडं बघतात.

थोडक्यात

चित्रकला स्पर्धा: नको. सगळे हातात पृथ्वी काढतात.

मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेचे २०१६ चे फोटो दाखवून घाबरवू नका. आत्ताची पोरं तेव्हा लहान होती, त्यांना तो इतिहास आहे. त्यापेक्षा बहात्तरचं आजीला विचारून यायला सांगा.

"जैवविविधता" हा शब्द पहिल्या महिन्यात तोंडातून काढू नका. तरोटा, कुर्डू, आघाडा, व्हला, टिटवी, ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या, एवढी नावं पोरांकडूनच निघतात. तुम्ही फक्त लिहून घ्या.

उन्हाळ्यात दहानंतर पोरं बाहेर नको. दगड उचलायचे नाहीत, खाली विंचू असतो.

विहिरीचं पाणी कठड्यापासून किती खाली आहे हे मोजताना एका महिन्यात एका पोरानं ३६ फूट लिहिलं, दुसऱ्यानं त्याच विहिरीचं ४१. आम्ही भांडण सोडवत बसलो. नंतर कळलं, दुसऱ्यानं मोजलं तेव्हा मोटार चालू होती. आता मी आधी त्या आठवड्यात शेतीची लाइट कुठल्या वेळी असते ते विचारून घेते आणि मोटार सुरू व्हायच्या आत जाते. विहीर कठड्याचीच, मोजणारं पोर एकच, बाकीचे दहा हात लांब. दोरीला दर फुटावर गाठ, दर दहाव्या गाठीला लाल चिंधी, टोकाला दगड. नायलॉनची दोरी घेऊ नका, ताणते.