कांद्याच्या पट्टीपासून पिव्होट टेबलपर्यंत: बिझनेस आयटीचा पहिला प्रकल्प असा करा

बीबीए किंवा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला 'व्यवसायातील माहिती तंत्रज्ञान' हा विषय आला की बहुतेक वह्या इनपुट-आउटपुट उपकरणांच्या याद्यांनी भरतात. त्या याद्या परीक्षेपुरत्या उरतात. विषय खरा कळतो तो एका धंद्याचा एक कागद हातात धरून तो संगणकात, म्हणजे एक्सेलमध्ये, नीट बसवताना. नाशिक जिल्ह्यात त्यासाठी कांदा व्यापाऱ्याच्या हिशोबपट्टीइतका चांगला कागद शोधून सापडायचा नाही. नाव, गाव, वजन, भाव, तारीख, पैसे असं सगळं एका चिठोऱ्यावर असतं, आणि एक आकडा चुकला तरी कुणाचं तरी थेट नुकसान होतं.

आधी कागद, मग संगणक

नाशिकहून पिंपळगाव बसवंतची कांदा बाजार समिती साधारण ३० किलोमीटर. लासलगाव त्याहून लांब, पण दिवसभरात जाऊन येता येतं. लिलाव चालू असताना कुणाला प्रश्न विचारायला जाऊ नका, मुनीम मोकळा झाल्यावर भेटा. जुन्या ३०-४० पट्ट्या बघायला मागा. त्यात अर्धे पैसे दिलेली एक, सौदा मोडलेली एक आणि खाडाखोड झालेली एक तरी हवीच. सरळ पट्ट्यांवर कुठलीही रचना चालते, ती मोडते या तिघींवर.

शेतकऱ्यांचे मोबाइल, खाते क्रमांक, आधार यांतलं काहीही उतरवून आणू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पहिल्यांदा इथे पाळायचा. नावं बदला, आकडे खरे ठेवा.

आता मालाचा प्रवास कागदावर काढा. गाडी आवारात येते, लिलाव होऊन सौदापट्टी मिळते, भुईकाट्यावर भरलेलं वजन होतं, माल खळ्यावर (व्यापाऱ्याच्या साठवणुकीच्या जागेत) उतरतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, मग हिशोबपट्टी आणि शेवटी पैसे. या चित्रात एक गोष्ट नीट बघा: भाव आधी ठरतो, वजन नंतर कळतं. म्हणजे एकच नोंद टप्प्याटप्प्याने भरत जाते आणि मधल्या काळात काही सेल रिकामेच असणार. म्हणून 'स्थिती' नावाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा आणि त्यात चारच पर्याय द्या: सौदा झाला, वजन झालं, पैसे दिले, रद्द. मोडलेल्या सौद्याची ओळ पुसायची नाही, 'रद्द' करायची. क्रमांकांच्या मालिकेत भोक पडलं की उद्या कुणी विचारेल तेव्हा उत्तर नसतं.

तीन शीट, एक नाही

सगळं एकाच लांबलचक शीटमध्ये कोंबणं ही जवळजवळ प्रत्येक गटाची पहिली चूक. एक शेतकरी हंगामात १२ वेळा माल आणतो, त्याचं नाव १२ वेळा टाइप होतं आणि त्यात तीन तऱ्हा होतात. 'लासलगाव' आणि 'लासलगांव' ही आपल्यासाठी एकच पाटी असली तरी संगणकासाठी ती दोन गावं आहेत, आणि गाववार बेरीज तिथेच फुटते.

पहिलं शीट शेतकऱ्यांचं: कोड, नाव, गाव. ओळख कोडवरून, नावावरून नाही, कारण एकाच नावाची दोन माणसं एकाच गावात सहज असतात. दुसरं आवकेचं: पट्टी क्रमांक, तारीख, शेतकरी कोड, मालाचा प्रकार (लाल, उन्हाळ, गोलटी म्हणजे बारीक कांदा), भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, भाव, कपात, रक्कम, स्थिती. तिसरं पैशांचं: पट्टी क्रमांक, तारीख, रक्कम, प्रकार. पैसे आवकेच्याच ओळीत लिहिले तर ज्याला दोन हप्त्यांत मिळाले त्याचा दुसरा हप्ता लिहायला जागा राहत नाही. नॉर्मलायझेशन म्हणून जे शिकवतात ते मुळात हेच: एक गोष्ट एकाच जागी.

गाव, प्रकार आणि स्थिती हे रकाने डेटा व्हॅलिडेशनमधून (सेलमध्ये काय भरता येईल हे ठरवणारी सोय) यादी देऊन बांधून टाका. टाइप करायची मुभाच ठेवू नका.

वजनाचं गणित आणि त्यातले खड्डे

भरलेली पिकअप ३,७८० किलो, रिकामी १,७२० किलो, निव्वळ २,०६० किलो. भाव १,८५० रुपये, पण तो क्विंटलचा. म्हणून २०.६० गुणिले १,८५० बरोबर ३८,११० रुपये. १०० ने भागायचं राहिलं तर हीच रक्कम ३८,११,००० होते. ही चूक डोळ्यांत भरते, म्हणून पकडली जाते. पुढची जास्त घातक आहे.

रिकामं वजन अजून यायचं असताना 'भरलेलं वजा रिकामं' हे सूत्र रिकामा सेल शून्य धरतं आणि निव्वळ वजन ३,७८० किलो दाखवतं. आकडा अशक्य वाटत नाही, कारण ट्रॅक्टरला तेवढा माल असू शकतो. त्या क्षणी पट्टी छापली तर गाडीच्या वजनाचेही पैसे जातात. म्हणून सूत्र 'इफ'मध्ये गुंडाळा: रिकामं वजन भरलेलं नसेल तर निव्वळ वजनही कोरंच राहील. वजन कोरं तर रक्कमही कोरी, हीच अट तिथेही लावा. शिवाय रिकामं वजन भरलेल्यापेक्षा कमीच असलं पाहिजे, ही अट व्हॅलिडेशनमध्ये टाका.

हमाली, तोलाई अशी कपात पट्टीवर असेल तर तिचे दर सूत्रात ठोकून बसवू नका. वेगळ्या 'दर' शीटवर 'कोणत्या तारखेपासून' या रकान्यासह ठेवा. दर बदलला की सूत्रातला आकडा जुन्या पट्ट्याही बदलून टाकतो.

नाव शोधून आणायला व्हीलुकअप वापरत असाल तर चौथ्या जागी फॉल्स लिहायलाच हवं. ते सोडलं तर एक्सेल जवळपासची जुळणी घेतं आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर तक्रार न करता भलत्याच शेतकऱ्याचं नाव आणून ठेवतं. एक्सलुकअप अधिक सोपं आहे, पण ते एक्सेल २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आणि ३६५ मध्येच मिळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर घरी चालणारी फाइल तिथे सादरीकरणाच्या वेळी अडते.

तारखा, क्रमांक, अक्षरं

संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजीवर असेल तर ०३/०४/२०२५ ही ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते, आणि १३/०४/२०२५ ही तारीखच न समजल्यामुळे साधा मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडा, मगच नोंदी सुरू करा. नंतर दुरुस्त करताना डावीकडच्या तारखा सापडतात, पण ४ मार्च झालेली ३ एप्रिल सापडत नाही.

यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. साध्या सेलमध्ये तो दशांश आणि घातांकाच्या रूपात दिसतो. खाते क्रमांक १६ अंकी असेल तर एक्सेल १५ अंकांपुढचा अंक शून्य करून टाकतं, आणि तो परत येत नाही. असे रकाने टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवते. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडल्यावर मराठी विचित्र दिसली तर घाबरू नका. ती तशीच सेव्ह मात्र करू नका. डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घेऊन ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

अहवाल: सरासरी भाव म्हणजे नेमका कोणता?

पिव्होट टेबलने, म्हणजे हव्या त्या रकान्याप्रमाणे बेरीज-सरासरी काढून देणाऱ्या एक्सेलच्या तक्त्याने, गाववार आवक दोन मिनिटांत निघते. सरासरी भाव काढताना मात्र थांबा. १० क्विंटल २,००० रुपयांनी आणि ५० क्विंटल १,४०० रुपयांनी गेले, तर पिव्होटची सरासरी १,७०० सांगते. प्रत्यक्षात ६० क्विंटलचे ९०,००० रुपये झाले, म्हणजे भाव १,५०० पडला. क्विंटलमागे २०० रुपयांचा फरक! यासाठी पिव्होटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड घ्या आणि कपातीआधीच्या रकमेला क्विंटलने भागा. ते आधी बेरजा करतं आणि मग भागतं, म्हणून उत्तर बरोबर येतं. रद्द आणि वजन न झालेल्या ओळी फिल्टरने आधी बाहेर काढा.

तुलनेला महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर घ्या. दिवस आणि बाजार समिती दोन्ही जुळवा.

जीएसटीचा रकाना इथे लागत नाही, कारण ताज्या कांद्यावर तो नाही. त्याऐवजी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपची बिलं घेतली, तर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) १५ अक्षरांचा आहे ना, आणि महाराष्ट्रातल्या ग्राहकाचा २७ ने सुरू होतो ना, हे तपासणारी अट लावा.

तोंडी परीक्षेला

टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदवणारी प्रणाली), एमआयएस (व्यवस्थापनाला अहवाल देणारी), डीएसएस (निर्णयाला मदत करणारी) यांच्या व्याख्या पाठ म्हणण्यापेक्षा आपल्याच फाइलवर बोट ठेवा. रोजची पट्टी लिहिणारं शीट हे टीपीएस. गाववार आवक आणि थकलेल्या पैशांचा पिव्होट हा एमआयएस. माल आज विकावा की खळ्यावर ठेवावा हे भाव, घट आणि भाड्याचे आकडे बदलून बघणारं 'व्हॉट-इफ' शीट हे डीएसएस. तिसरं नाही जमलं तरी हरकत नाही, पहिलं पक्कं हवं, कारण पट्टीच चुकीची असेल तर वरचे दोन्ही चुकीचेच.

शीट असताना डेटाबेस कशाला लागतो, हा प्रश्न हमखास येतो. 'ओळी संपतील म्हणून' हे उत्तर देऊ नका. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, या धंद्याला त्या पुरून उरतात. खरं कारण असं की शीटला पैशांच्या नोंदीत अस्तित्वात नसलेला पट्टी क्रमांक आपणहून अडवता येत नाही, तर डेटाबेसमध्ये फॉरेन की (एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात असलाच पाहिजे ही अट) दिली की तो अडतो.

सादरीकरणाच्या आदल्या रात्री फाइलच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर. नावात 'फायनल' लिहू नका, तारीख लिहा. आणि लॅबच्या संगणकावर फाइल एकदा उघडून एक नवीन पट्टी शेवटपर्यंत भरून बघा, रिकामं वजन मुद्दाम उशिरा टाकून.