विझून पुन्हा पेटलेला झोत परभणीतल्या लॅपटॉपवर कसा शोधायचा

दीर्घिकेच्या मध्यातल्या कृष्णविवराचं खाणं थांबलं की त्याच्याजवळून उसळणारा झोत विझतो, पण झोताच्या दोन टोकांचे जुने फुगे, म्हणजे लोब, रेडिओत बराच काळ धुगधुगत राहतात. खाणं पुन्हा सुरू झालं की आत लोबांची नवी जोडी उगवते. ती शोधायला खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीपाशी जायची गरज नाही. टीजीएसएस (१५० मेगाहर्ट्झ, जीएमआरटीचंच) आणि एनव्हीएसएस (१४०० मेगाहर्ट्झ) या रेडिओ सर्वेक्षणांच्या नकाशांच्या फिट्स फायली फुकट मिळतात.

बीम (नकाशात एक बिंदू जेवढा पसरून दिसतो तो आकार) अनुक्रमे २५ आणि ४५ आर्कसेकंद. कासा या रेडिओ-खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इमस्मूथ'ने पहिला नकाशा ४५ वर आणा, मग 'इमरिग्रिड'ने पिक्सेल जुळवा. घोळ इथंच होतो. तीव्रतेचं एकक जान्स्की प्रति बीम असल्याने धूसर केल्यावर (४५/२५)², म्हणजे ३.२४ ने गुणावं लागतं. इमस्मूथ ते आपोआप करतं. हाताने लिहिलेल्या पायथनमध्ये ते राहून जातं. मग वर्णपट निर्देशांक (वारंवारता वाढताना तीव्रता किती झपाट्याने घसरते ते; म्हाताऱ्या लोबांत जास्त) ०.५३ ने कमी येतो आणि म्हातारे लोब तरुण दिसतात!

दोन तीव्रतांच्या (१५० वरची भागिले १४०० वरची) गुणोत्तराचा दहाच्या पायाचा लॉग भागिले ०.९७, हा निर्देशांक. ५०० आणि ६० मिलीजान्स्कीला ०.९५ येतो. बाहेरच्या लोबांत १ च्या वर, आत ०.७ च्या आसपास असेल तर पुन्हा पेटलेल्या झोताचा संशय घ्या. गोंगाटाच्या तिपटीखालचे पिक्सेल आधीच काढा.

क्रांती (आकाशातला अक्षांश) १९ अंशांच्या दक्षिणेला (परभणीच्या जवळजवळ डोक्यावरच) टीजीएसएसचा बीम लांबट होतो, हेडर वाचा.