रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होताय? आधी या चुका टाळा

साताऱ्यात पावसाची झड लागली की वॉर्डात खोकल्याचे पेशंट वाढतात आणि लॅबमधली फ्लू-कोविडच्या किटची खोकी भराभर रिकामी होतात. खाटेजवळ करायची, पंधरा मिनिटांत निकाल देणारी टेस्ट. सोपी वाटते, म्हणूनच ती करताना हात सैल सुटतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्वॅब घेताना. काडी नाकाच्या तोंडाशीच फिरवायची, पेशंट शिंकला की काढून घ्यायची, हे रोज दिसतं. किटच्या पत्रकात नॅसोफॅरिंजियल (नाकाच्या पार मागून, घशाच्या वरच्या भागातून घ्यायचा स्वॅब) लिहिलं असेल, तर काडी नाकाच्या तळाला धरून सरळ मागे, कानाच्या दिशेने गेली पाहिजे. वर कपाळाकडे नाही. हलका अडथळा लागला की थांबा, काही सेकंद तिथेच ठेवा आणि गोल फिरवत बाहेर काढा. जोर लावू नका. एका बाजूने जात नसेल तर दुसरी नाकपुडी बघा. आणि आधी सांगा. "आजी, जरा झोंबंल, डोळ्याला पाणी यील, पण मान हलवू नका," एवढं बोललं तरी पेशंट हात धरत नाही. मास्क, ग्लोव्हज, चष्मा घातल्याशिवाय समोर उभं राहू नका.

आरटी-पीसीआरसाठी (लॅबमध्ये होणारी, जास्त अचूक टेस्ट) व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवात, घातलेलाच स्वॅब रॅपिडला वापरायचा मोह होतो. किटमध्ये तशी परवानगी लिहिलेली नसेल तर करू नका. किटच्याच बफरमध्ये (सोबत आलेल्या द्रवात) काडी घोळा, ट्यूब बाहेरून दाबून कापूस पिळून घ्या आणि पत्रकात सांगितले तेवढेच थेंब कॅसेटवर (रेघ उमटते त्या पट्टीच्या डबीवर) टाका.

पाकीट आधीच फोडून ठेवणं ही खास पावसाळ्यातली चूक. आमच्याकडच्या दमट हवेत उघडी पडलेली कॅसेट ओल धरते. फ्रिजमधलं किट असेल तर बंद पाकिटातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उन्हाळ्यात उलटी गत: बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात आणि एप्रिलमधली गाडीची डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

मग वेळ. टाकल्याची वेळ कॅसेटवर पेनाने लिहा. पत्रकात १५ मिनिटं असतील तर पाचव्या मिनिटाला निगेटिव्ह म्हणू नका आणि तासाभराने उमटलेल्या रेघेला पॉझिटिव्हही म्हणू नका. ठरलेल्या वेळेत कॅसेटवरच्या टी (टेस्ट) खुणेजवळ फिकट रेघ आली तरी ती पॉझिटिव्हच. सी (कंट्रोल) जवळ रेघ नसेल तर टेस्ट बाद, नवीन कॅसेट घ्या.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. काही वर्षांपूर्वी कोरेगावकडच्या एका आजींची पट्टी निगेटिव्ह आली आणि त्यांना जनरल वॉर्डात हलवलं. ताप, धाप तशीच. दुसऱ्या दिवशी आरटी-पीसीआर पाठवली, ती फ्लू पॉझिटिव्ह आली. तोवर शेजारच्या दोन खाटांवरच्या बायका त्यांना पाणी देत, पाठ चोळत होत्या. स्वॅब मीच घेतला होता. त्या दोघींचे चेहरे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या अँटीजेन किटबद्दल, म्हणजे याच रॅपिड टेस्टबद्दल, सूचना काढली, तेव्हा तपासणीत त्या किटची पकड (खऱ्या रुग्णांपैकी किती जण पॉझिटिव्ह दिसतात ते) ५०.६ ते ८४ टक्के दिसली होती. म्हणूनच लक्षणं असून निगेटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर करा, असं तिथे बजावलं होतं. फ्लूच्या अँटीजेन किटची पकड साधारण ५० ते ७० टक्के आणि तीही आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बरी. आरएसव्ही या श्वसनाच्या आणखी एका विषाणूची किट लहान बाळांत चांगली पकडतात, मोठ्यांत फार कमी. तेव्हा लक्षणं असलेल्या पेशंटला निगेटिव्ह पट्टीवरून वेगळ्या खोलीतून हलवू नका. फ्लूचं औषध ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं. म्हातारी माणसं, गरोदर बाई, दम्याचा पेशंट यांच्यासाठी डॉक्टरांनी पट्टीची वाट बघत बसू नये.

रिपोर्टमध्ये 'स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह' लिहिणंही थांबवा. नेहमीची पट्टी फक्त इन्फ्लुएन्झा ए की बी एवढंच सांगते. एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, आहे का ते आरटी-पीसीआरनेच कळतं. 'इन्फ्लुएन्झा ए अँटीजेन पॉझिटिव्ह' असं लिहा आणि खाली ताप कोणत्या दिवशी सुरू झाला तेही नोंदवा. सकाळच्या राउंडला डॉक्टर आधी तेच विचारतात.